शेवटच्या ओळीतलं घर

"गोवर्धन, रामनवमीला गेलेल्या बाईला तू प्रतिपदेला जेवायला बोलावलंस होय रे?"

अनसूयाकाकू फाटकातच उभ्या होत्या. एका हातात पळी, दुसऱ्या हातात कालचा पुडा. पुडा म्हणजे केळीच्या पानात बांधलेलं गाठोडं, वर सुतळी, सुतळीत खोचलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गोवर्धनच्याच हातचं मोठं, पोराटोरासारखं अक्षर : कै. माणिकबाई, प्रतिपदा.

गोवर्धननं मोपेड उभी केली. हँडलला कढीपत्त्याची जुडी लटकत होती, ती उगाचच नीट केली. माणूस गडबडला की हात काहीतरी नीट करायला धावतात.

"काकू, शीटमधी तसंच हाये. म्या पाहूनच लिवलं."

"शीटमध्ये असेल बाबा. पण सासूबाई माझ्या मांडीवर गेल्या. सुंठवडा कुटून ठेवला होता, पाळणा हलायचा होता, तेवढ्यात गेल्या. नवमी रे, नवमी!"

आतून मोरोपंत गुरुजी आले. अंघोळ झालेली, अंगावर ओला पंचा, हातात ताम्हण. सगळ्या जठारपेठेची श्राद्धं लावणारा माणूस. पंचाहत्तरी उलटलेली.

"मी तर बसलोच होतो," गुरुजी म्हणाले. "म्हटलं, गोवर्धनचा पुडा आला म्हणजे आज आईचीच तिथी."

"अहो, आई तुमची ना?" काकूंनी पळी त्यांच्याकडे वळवली.

"आई माझी. तिथी त्याच्याकडे असते."

आणि गुरुजी हे इतक्या सरळपणानं बोलले, की त्यात काही वावगं आहे हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग काकूंची पळी हळूच खाली आली. आतल्या चुलीवरची खीर तेवढी बुडबुड करत होती.

आता ही पुड्याची भानगड काय ते सांगतो. अकोल्यात, मोर्णेच्या काठाला गोवर्धनचा दीड एकराचा मळा. भाजी सगळेच लावतात, पण याच्या पाटाच्या कडेनं माका उगवतो, ओल्या जागी अळू, विहिरीपाशी पांढरी कण्हेर, तगर, बांधावर तुळशी. श्राद्धाला लागतं ते सगळं एका जागी. गोवर्धनची माय, तानुबाई, हे डोक्यावरच्या टोपलीत घेऊन चाळीस वर्षं जठारपेठेत फिरली. नुसती विकत फिरली असती तर कोणी तिचं नाव काढलं नसतं. तानुबाईची गंमत अशी की कोणत्या घरचं कोण कोणत्या तिथीला गेलं हे तिला ठाऊक. पितृपक्ष लागला की त्या तिथीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दारात पुडा हजर. "बाई, उद्या तुमच्या मामंजीची पंचमी हाय," एवढं म्हणायची आणि पुढच्या फाटकाकडे वळायची. दोनशेच्या वर घरं. कागद नाही, पेन नाही. लोक हळूहळू आपापली माणसं तिच्या भरवशावर विसरले.

तीन वर्षांपूर्वी तानुबाई चहात मीठ टाकायला लागली. मग एकदा मळ्याची वाट चुकली. गोवर्धनची लेक गीतांजली अमरावतीला असते, नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात पॅकिंगच्या ऑफिसात. दिवसभर तिचं काम त्या कॉम्प्युटरातल्या चौकटींशी. दिवाळीच्या सुटीत ती आली, ऑफिसानं काढून टाकलेला जुना लॅपटॉप घेऊन. आजीला बाजेवर बसवलं, मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "आजी, तू फक्त बोल. म्या भरतो."

पाच दिवस म्हातारी बोलत होती. दुपारी झोप लागली की थांबायची, उठली की जिथं थांबली तिथून नाही, भलतीकडूनच सुरू करायची. गीतांजली भरत होती. घर कोणाचं, कोण गेलं, तिथी काय, वेगळं काही लागतं का. तिथीला आकडे केले, प्रतिपदा एक, अमावस्या पंधरा. मागून सगळं गल्लीवार लावलं. मोरोपंतांचं घर पहिली ओळ, आणि मळ्यातलं आपलं घर शेवटची, दोनशे तेरावी. तेही तानुबाई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही म्हणून अगदी शेवटी सांगितलं. नत्थुजी. गोवर्धन चार वर्षांचा होता तेव्हा गेले. विंचू चावला, दवाखाना लांब, सरकारी कागद कोणी केलाच नाही.

गोवर्धन सातवी पास. त्या शीटवर त्याचा जीव जडला. सकाळी पाटाला पाणी सोडायचं आणि बांधावर बसून लॅपटॉप उघडायचा. उभे-आडवे वाफे पडलेले, एकेका वाफ्यात एकेक माणूस. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जावं तशी त्याची नजर ओळीवरून जायची. कधी धुकं असलं, विहिरीवर पाखरं असली, तर त्याला वाटायचं, ही माणसं गेलेली नाहीतच, इथं लावून ठेवली आहेत. पक्षात एकदा पाणी दिलं की झालं.

गीतांजलीनं त्याला चाळणी लावून दिली होती. वर एक बाण, तो दाबला की हव्या त्या तिथीची घरं खाली गाळून यायची. दोन वर्षं चाललं. यंदा तो बाणच दिसेना. पोरीला फोन करावा तर ती दिवाळीच्या मालाच्या घाईत, तिला काहून त्रास द्या. मग यानं स्वतःच डोकं चालवलं. तिथीचा उभा वाफा डोक्यावर टिचकी मारून धरला आणि लहानाकडून मोठ्याकडे लावायचं बटण दाबलं. मशीननं मध्येच एक पाटी वर काढली, इंग्रजीत दोन ओळी, यातलं काय करू म्हणून. दोन्हीतला एकच शब्द याच्या ओळखीचा. कंटिन्यू. बँकेच्या मशीनवर दाबतो तो. दाबला. आकडे सर्रकन ओळीत उभे राहिले. एक एक एक, दोन दोन दोन. इतकी सरळ रांग त्यानं मळ्यातसुद्धा कधी काढली नव्हती. बंद करताना मशीननं परत विचारलं, ठेवून देऊ का? इतक्या अदबीनं विचारतंय तर नाही कसं म्हणायचं? हो म्हणाला.

आकडे हलले. माणसं जागच्या जागी राहिली.

पहिल्या दिवशी अकरा घरं निघाली, अकराही एकाच गल्लीतली, मोरोपंतांपासून ओळीनं. गोवर्धन बायकोला म्हणालासुद्धा, "शकुन, यंदा देवानं लय सोपं केलं वो. एक गल्ली, का काम खतम."

शकुन सुतळी वळत होती. म्हणाली, "देव इतका सोपा झाला का मले भ्या वाटते."

गुरुजींच्या फाटकातून गोवर्धन निघाला तो थेट त्याच गल्लीत शुभंकर वकिलाकडे. त्या बटणानंच आकडे हलवले असणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं; तरी एक तरी पुडा खरा निघू दे, असं मनात घोळवत. वकिलाच्या दारात चपलांचा ढीग. भाऊबंद आलेले. आत वड्याचा वास, वकीलसाहेब सोवळं नेसून घामाघूम.

"ये ये गोवर्धन! वेळेवर पुडा दिलास, नाहीतर आम्हाला कुठं आठवतं?"

गोवर्धन पायरीच्या खालीच उभा राहिला. "साहेब, एक चूक झाली. रामरावबाबायची तिथी आज नसन. माह्या शीटमधी सगळ्यायच्या तिथ्या उलट्यापालट्या झाल्या."

"आज नाही? अरे, पानं मांडलीत! चार माणसं बुलढाण्याहून आलीत!" वकिलाचा आवाज कोर्टातला झाला. "अरे, हा काय खेळ आहे का? माझ्या बापाचं श्राद्ध आहे. मग कधी आहे?"

"कधी ते तुमी सांगा साहेब. म्या दुरुस्त करतो."

वकिलानं तोंड उघडलं. मागं वळून भावाकडे पाहिलं. भावानं बहिणीकडे. बहीण म्हणाली, "शनिवार होता. एवढं नक्की."

"शनिवारच," वकील म्हणाला. "कोर्टाला सुट्टी होती. बाबांच्या अंगात निळा बनियन होता. मी दूध आणायला गेलो होतो… " आणि तो तिथंच पायरीवर बसला. सोवळ्यासकट. "निळा बनियन आठवतो बघ. बनियनला खिसा होता तेही आठवतं. तिथी नाही रे आठवत."

वकिलाची बायको अबोली, शाळेत शिकवते, ती तेवढी भानावर होती. "फाइलीत मृत्यूचा दाखला असेल. तारीख मिळाली की गुरुजी जुन्या पंचांगातून तिथी काढून देतील." मग गोवर्धनकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुम्ही वर या. पाणी प्या. तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

पाणी पिऊन तो गल्लीच्या कोपऱ्यावर आला आणि तिथून गीतांजलीला फोन लावला.

"बाबा, कंटिन्यू दाबलं का तुमी?" पोरीनं पहिलंच विचारलं.

"तुले कसं माईत?"

"सारेच दाबतात. आमच्या इथी एका पोट्टीनं दाबलं होतं, सगळे पेटारे भलत्याच गावाले गेले." मागं मशिनी धडधडत होत्या. "आता दुसरी कापी काढा. मांगची."

"कापी कायची?"

तिकडे पोरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्या सांगितलं होतं ना बाबा. दर महिन्याले मले पाठवत जा. एक शीट, एक लॅपटॉप, एक तुमी. त्यातलं काई झालं तं?"

"तू कामात राहतं, म्हणून म्या…"

"मले काम हाये म्हणून तुमी साऱ्या जठारपेठेचे पितर एका बटनावर ठेवले?" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "थांबा, रडू नोका. माह्याजवळ पयल्या दिवशीची शीट हाये. आजीनं जशी आठवली तशी एकेचाळीस घरं. ते पाठवतो."

"त्यात आपलं घर हाये?"

"नाई बाबा. आपलं शेवटी सांगितलं आजीनं."

"तुले आठवते का आकडा? तूच भरला होता."

"नाई. मले फक्त आजी हसली होती ते आठवते. नाव नाई घेतलं, तोंडावर पदर घेतला आन् हसली."

गोवर्धननं फोन खिशात टाकला. दोन वर्षं त्यानं स्वतः बापाला पान वाढलं होतं. पण फोनमधला नंबर जसा कोणी पाठ करत नाही, तशी ती तिथी त्यानं पाठ केली नव्हती. त्याच्या आधी तर माय परस्पर पान मांडायची, हा मळ्यातून आला की जेवायचा. पंधरवड्याच्या मधात कुठंतरी, एवढंच.

त्या दिवशी घरी जाताना मोर्णेच्या पुलावर तो थांबला. ऊन मऊ झालं होतं, पाण्यावर जलपर्णी पसरलेली. त्याला दिसायला लागलं : जठारपेठेतले गेलेले लोक, कोणी धोतरात, कोणी नऊवारीत, आपापल्या फाटकापाशी येताहेत आणि फाटक बंद. लग्नाला एक दिवस आधी आलेल्या पाहुण्यासारखे ते अवघडून उभे. कोणी घड्याळ पाहतंय, कोणी पिशवी या हातातून त्या हातात घेतंय. राग कोणालाच नाही. त्या घोळक्याच्या मागं, सगळ्यात शेवटी, एक पोरसवदा माणूस उघड्या अंगानं, खांद्यावर फावडं घेऊन उभा. त्याचं तोंड काही दिसेना. दिसणार कसं? गोवर्धननं ते नीट पाहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गुरुजींकडे गेला. "गुरुजी, तुमची जुनी वही असन ना? यजमानायची?"

गुरुजींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी भिंतीकडे.

"तू तो छापलेला कागद आणून दिलास ना पहिल्या वर्षी," गुरुजी म्हणाले, "इतका स्वच्छ होता रे तो! म्हटलं आता या वाळवी लागलेल्या वह्या कशाला. रद्दीत दिल्या. आणि तुझा कागद… तो यावर्षी नवीन आणशील म्हणून मी त्याच्यावर सुपारी कातरली आणि चुऱ्यासकट टाकून दिला."

"अहो, धन्य आहे तुमची," काकू म्हणाल्या.

पण म्हातारा कामाला लागला. माळ्यावरून पन्नास-साठ वर्षांची पंचांगं काढली, ओटीवर मांडी घालून बसला. लोक दाखले घेऊन यायला लागले. मुलगा पुण्याहून फोटो पाठवतोय, सून ट्रंका उपसते आहे. जे भांडायला आले होते ते ओटीवर एकमेकांना विचारत बसले, तुमचे कधी हो? आमची आजी नेमकी कधी? बरीच घरं तशी सापडायला लागली. पण जुनी माणसं राहिली. आज्या, पणज्या, बाळंतपणात गेलेल्या सुना. त्यांचा कागद कुठला? ती सगळी तानुबाईच्या डोक्यात होती, आणि तानुबाई बाजेवर बसून शकुनला विचारत होती, "तू कोणाची वं? चहा घेतं का?"

तृतीयेच्या सकाळी गोवर्धननं हातगाडी धुतली. त्यावर पोतं टाकलं, पोत्यावर गोधडी. कडेनं माका, तुळस, तगर मांडली. आणि मायला उचलून मधात बसवलं.

शकुन पाणी टाकून धावत आली. "हे काय करून राहिले तुमी? म्हातारीले भाजीवानी गाडीवर ठेवता? लोक काय म्हणतीन?"

"लोक तिथी सांगत नाईत. माय सांगन."

"तिले सोताचं नाव सांगता येत नाई!"

"घरी नाई येत. तिकडे येईन. तिचं सगळं फाटकापाशी होतं वो. घरात बसून इचारलं तं कुठून आठवन?"

शकुननं त्याच्याकडे पाहिलं. मग आत गेली, म्हातारीच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून ओला पंचा घेऊन आली आणि गाडीची दुसरी बाजू धरली.

जठारपेठेत अशी वरात पूर्वी कधी निघाली नसेल. मागून दोघं ढकलताहेत, मधात हिरव्यागार पानांत तानुबाई, पाय लांब केलेले, तोंडात दात नाही. पहिली गल्ली तशीच गेली. म्हातारी आभाळाकडे पाहत होती. शकुननं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं गाडी ढकलणं सोडलं नाही. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी कोणी तरी फाटक उघडलं, कडीचा कर्र आवाज आला, आणि गाडीतून एकदम हाक उठली.

"माकाऽऽ, तुळस, पांढरी फुलंऽऽ!"

चाळीस वर्षांची हाक. खिडक्यांतून माणसं डोकावली. एका म्हाताऱ्या बाईनं तर सवयीनं परात घेऊन दार उघडलं.

गोवर्धननं हिरव्या फाटकापाशी गाडी उभी केली. कानावरची पेन्सिल काढली. "माय, हे घर?"

तानुबाईनं फाटकाकडे पाहिलं. हात पुढं केला, जसा टोपलीतून पुडा काढावा. "नागपंचमी. धाकटी सून गेली यायची. हात मेंदीचे होते पोरीचे. तिले अबोलीची येनी लागते, पांढरी नोको देऊ."

त्यानं लिहिलं. पाच.

"हे?"

"धर्मपाल मास्तर. आखाडी एकादशीले. उपासाचा होता, तसाच उपाशी गेला. त्याच्या पानात लोणचं ठेवजो."

अकरा.

दिवस गेले, गल्ल्या गेल्या. सकाळी तीन तास, मग म्हातारी थकायची. तिथी तिनं कधी आकड्यात सांगितलीच नाही. कोणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कोणी तीजेला, कोणी "अष्टमीले, दहीहंडी फुटाच्या पयले." जिथं जुनं फाटक होतं, ओटा होता, झाड होतं, तिथं ती बोलली. जिथं घर पाडून चार मजली इमारत उभी होती तिथं तोंड फिरवून बसली. "इथचा पारिजातक कोठी गेला?" एवढंच विचारलं. झाडाबरोबर तिथल्या तीन जुन्या घरांच्या तिथ्याही गेल्या. गोवर्धननं त्या ओळी रिकाम्या ठेवल्या. रिकामा वाफा वाईट दिसतो, पण भलतं रोप लावण्यापेक्षा बरा.

एकदा मध्येच तिनं त्याचा हात धरला. "बापू, माहा पोरगा पाह्यला का? शाळेतून आला नाई अजून."

"येऊन राह्यला माय. रस्त्यातच हाये."

"त्याले सांगजो, भाकर झाकून ठेवली."

"सांगतो."

शकुन गाडीच्या त्या बाजूला खाली वाकून चाकात काहीतरी पाहत राहिली. चाकाला काही झालं नव्हतं.

चतुर्दशीच्या सकाळी तो बांधावर लॅपटॉप घेऊन बसला. एकेचाळीस पोरीचे, मग गुरुजींचे, मग मायचे. एक एक आकडा हातानं भरला. बोट एवढं जपून उचलत होता, जसं रोप काढताना मूळ जपावं. शेवटी तीस-एकतीस घरं उरली, ज्यांचा पत्ता कशातच नव्हता. त्यासाठी गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, "अरे, ज्याची तिथी हरवली त्याच्यासाठी सर्वपित्री अमावस्या आहे. पूर्वजांना माहीत होतं, पोरं विसरणार म्हणून." त्या सगळ्यांपुढं त्यानं पंधरा लिहिलं.

मग शेवटची ओळ. दोनशे तेरा. नत्थुजी. तिथं लिहायची गरजच पडली नाही. आकडे रांगेत लावताना सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात खाली आला होता, म्हणजे त्या चुकीनंच बापापुढं पंधरा टाकून ठेवलं होतं. गोवर्धन त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला. अजून एक फाटक उरलं आहे, तो स्वतःशीच म्हणाला, आणि लॅपटॉप मिटला. मिटायच्या आधी शीट गीतांजलीला पाठवली. आणि संध्याकाळी जे जे पुडे दिले त्यांच्याबरोबर प्रत्येक घरी सांगत गेला, "चिठ्ठी फेकू नोका. देवघरात ठेवा. तुमचं माणूस तुमच्याही घरी लिवलेलं असू द्या."

अमावस्येला ऊन स्वच्छ होतं. उरलेले पुडे देऊन गाडी मळ्याकडे वळली. गाडीत माय आणि एक पुडा. चिठ्ठीवर नाव होतं, तिथीची जागा कोरी. तिनं सप्तमी म्हटलं काय आणि दशमी म्हटलं काय, यंदा पान आजच मांडायचं. पण पुढच्या वर्षासाठी तरी कळलं असतं.

एरवी ते मागच्या बांधानं घरात शिरायचे. आज त्यानं गाडी फिरवून मुद्दाम पुढच्या बाजूनं आणली, रस्त्यावरून, जसं परक्याच्या दारात जावं. फाटक म्हणजे दोन लाकडी बल्ल्या आणि पत्रा. त्यानं कडी वाजवली.

"माय, हे घर?"

तानुबाईनं पाहिलं. पत्र्याकडे, विहिरीकडे, पांढऱ्या कण्हेरीकडे. पुष्कळ वेळ पाहिलं. चाळीस वर्षांत ती या फाटकाबाहेर पुडा घेऊन कधी उभी राहिली नव्हती. गोवर्धनची पेन्सिल वहीवर टेकलेली.

त्यानं पुडा तिच्या हातात दिला. तिनं चाचपला, सुतळी ओढून पाहिली, आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"इथी पुडा नाई लागत," ती म्हणाली. "इथचा मालक घरीच हाये."

आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

गोवर्धननं पेन्सिल कानावर ठेवली. पुडा उघडून माका, तुळस आणि तगरीची फुलं काढून घेतली. शकुन दारात आली होती. तिनं ऐकलं होतं. आत गेली, केळीचं पान धुतलं, सगळं थोडं थोडं वाढलं, खीर, वडा, अळूची भाजी, आणि पान बाहेर विहिरीच्या कठड्यापाशी नेऊन ठेवलं. गोवर्धननं त्यावर फुलं वाहिली, पाणी फिरवलं, हात जोडले.

तानुबाईला उतरवून पानाशेजारी बसवलं. तिनं पान पाहिलं आणि मान हलवली, बरोबर आहे म्हणून. पदरानं माश्या वारायला लागली.

शकुननं ओसरीवर तीन ताटं घेतली. गोवर्धननं घासाला हात घातला तेवढ्यात म्हातारी ओरडली.

"थांब रे! तो आल्याबिगर जेवता काय? पाटावर माका काढाले गेला. येईन आता."

गोवर्धननं हात मागं घेतला. शकुननंही घेतला. पाटाकडून वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा वास येत होता. तिघंही त्या बाजूला पाहत, न जेवता, बसून राहिले.